गल्लीतल्या सदतीस गाड्या

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी पाऊस येईल असं वाटलं म्हणून गच्चीवरचे कपडे काढायला गेले आणि वरून सहज खाली बघितलं तर आमच्या गल्लीत गाड्याच गाड्या. मग मोजायला लागले. सदतीस. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोपेड आणि बाईक, काही एमएच ३१, काही ४९, आणि त्यातली एकही गल्लीतल्या माणसाची नाही. सगळ्या मागच्या कॉन्व्हेंटमधल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या.

शाळेचं गेट आमच्यापासून दोन वळणं सोडून आहे. नाव घेत नाही, कारण हे एकाच शाळेचं नाहीये, नागपुरात प्रतापनगर घ्या, मनीषनगर घ्या, नंदनवन घ्या, जिथे जिथे बारावीपर्यंतची शाळा आहे तिथे आजूबाजूच्या गल्ल्यांत हेच दिसतं. शेजारच्या मुलाची शाळेची डायरी मी वाचली आहे, त्यात नियम छापलेला आहे की विद्यार्थ्यांनी आवारात मोटारवाहन आणायचं नाही, सक्त मनाई. आणि त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलंय की आवाराबाहेर लावलेल्या वाहनांची जबाबदारी शाळेची नाही. म्हणजे मुलं गाडी आणतात हे शाळेला माहीत आहे, नाहीतर दुसरी ओळ लिहिलीच नसती.

मुलांनी पण त्या दोन ओळींमधली जागा बरोबर शोधली. युनिफॉर्मवर जॅकेट घालून येतात म्हणजे शाळेचा बॅज दिसत नाही, आमच्या गल्लीत गाडी लावतात, जॅकेट काढून डिक्कीत टाकतात आणि तिथून चालत गेटापर्यंत. गेटावरचा चौकीदार काका त्यांना चालत येताना बघतो, त्याचं काम झालं. गल्लीतल्या एका घरी तर महिन्याचे दोनशे रुपये घेऊन कंपाउंडच्या आत गाडी लावू देतात. मला त्या काकूंचा राग नाही, त्यांच्या घरी कमावणारं कोणी नाही आणि जागा त्यांची आहे, पण एकदा त्या मला म्हणाल्या की "आत लावतात तर निदान चोरी तर नाही होऊन राहिली नं", आणि मला कळेना काय उत्तर द्यावं, कारण गाडीची काळजी सगळे करून राहिले होते. गाडी चालवणाऱ्या पोराची कोण करतं?

हे सगळं मी दोन वर्षं बघत होते आणि मला त्याचा त्रास फक्त एवढाच व्हायचा की आमची कार बाहेर काढता येत नाही. हे मी कबूल करते. तेव्हा माझी तक्रार पार्किंगची होती.

ऑगस्टमध्ये ते बदललं. रात्रभर पाऊस झाला होता, सकाळी सात-सव्वासातची वेळ, मी डबा भरत होते आणि बाहेर आधी घासत गेल्याचा आवाज आला आणि मग एका मुलाचा. ज्यांनी नागपुरातले सिमेंट रोड बघितलेत त्यांना सांगायला नको, रोड घराच्या अंगणापेक्षा वर आलेला असतो आणि रोड संपतो तिथे नि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे चार बोटांची फट नाहीतर खाच असते, पावसात तिथे पाणी साचलं की ती दिसतच नाही. तीन मुलं एका मोपेडवर ट्रिपलसीट येत होती, समोरून शाळेची व्हॅन रिव्हर्स घेत होती, चालवणाऱ्या मुलाने मोपेड बाजूला घेतली आणि पुढचं चाक त्या खाचेत गेलं.

नंतर माझ्या नवऱ्याने मला समजावून सांगितलं की तिघं बसले की बरंचसं वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होतं, मग हँडल वळवलं तरी गाडी पाहिजे तशी वळत नाही आणि पुढचा ब्रेक लावला की चाक घसरतं. त्यात ओला सिमेंट रोड. सतरा वर्षांच्या मुलाला हे कोणी शिकवलेलं नसतं. त्याला शिकवलेलं असतं फक्त रेस देणं आणि ब्रेक मारणं, तेही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, रविवारी, मोठ्या भावाने.

चालवणाऱ्या मुलाची हनुवटी फाटली होती आणि मनगट मोडलं होतं. मागच्या दोघांना खरचटलं. हेल्मेट होतं. डिक्कीत होतं. मी त्याला आमच्या पायरीवर बसवलं, ओढणी हनुवटीला दाबून धरली, आणि तो पोरगा रक्ताने भरलेल्या तोंडाने मला एकच म्हणत होता, "काकू, बाबांना नका सांगू नं, प्लीज, शाळेत पण नका सांगू." दुखतंय असं एकदाही म्हणाला नाही. मला ते आजही आठवलं की पोटात गोळा येतो, सतरा वर्षांच्या मुलाला हाड मोडल्यापेक्षा नियम मोडल्याची भीती जास्त वाटत होती आणि तो नियम आपण मोठ्यांनीच असा केला होता की तो लपून मोडायचा.

शाळेतून एक सर धावत आले, फर्स्ट एडची पेटी घेऊन, त्यांनी चांगली मदत केली हे सांगायलाच पाहिजे. पण त्यांच्यामागून ऑफिसमधलं कोणीतरी आलं आणि पहिला प्रश्न विचारला की हे गेटाच्या आत झालं की बाहेर. बाहेर झालं कळल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मी ते बघितलं.

वडील वीस मिनिटांत आले. साधा माणूस, दुकान बंद करून आलेला, हात थरथरत होते. नवऱ्याने कार काढली (त्या दिवशी निघाली, कारण मुलांनीच गाड्या उचलून बाजूला केल्या) आणि दवाखान्यात नेलं, पाच टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर ते वडील म्हणाले, "रोज सांगतो जी याला हळू चालव म्हणून." आणि मग थोड्या वेळाने, "तशी विदाऊट गिअरचीच आहे नं गाडी, सोळाला चालते."

हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले आहे. माझ्या माहेरी, माझ्या ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळ्यांना हेच माहीत आहे की गिअरची अठराला, बिनगिअरची सोळाला. त्या रात्री मी बसून शोधलं तर कळलं की हे कधीकाळी खरं होतं. १९८८ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा त्याच्या कलम ४ मध्ये खरंच असं होतं की बिनगिअरची दुचाकी सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर चालवता येईल. १९९४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि "बिनगिअरची" हा शब्द जाऊन तिथे "५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची" असं आलं. म्हणजे तीस वर्षं झाली. आपण अजून जुनीच ओळ पाठ म्हणून राहिलो.

आणि ५० सीसी म्हणजे काय, तर लुना. माझ्या बाबांकडे होती. मी अकरावीत असताना महाल भागातून धरमपेठेत सायकलने जायचे, बारावीत बाबांनी लुना दिली, चढावर पायडल मारावं लागायचं, बर्डीवरून (सीताबर्डी) जाताना सायकलवाले ओव्हरटेक करायचे. त्या गाडीसाठी सोळाची सूट होती. आज शोरूममध्ये जाऊन बघा, मुलं ज्या मोपेड चालवतात त्या बहुतेक ११० नाहीतर १२५ सीसीच्या, ॲक्टिव्हा जवळपास ११० ची आहे, एवढंच काय ती छोटी स्कूटी पेप जी मुलींची गाडी म्हणून घेतात ती पण ८० च्या वर. यातली कुठलीच सोळाव्या वर्षी चालत नाही. सतराव्या पण नाही. गिअर नसला तरी नाही. नाव मोपेड राहिलं, गाडी मोपेड राहिली नाही.

इलेक्ट्रिकचं पण असंच. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही अशी असेल तर तिला लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही, हे खरं आहे. पण गल्लीत येणाऱ्या बिननंबरच्या दोन गाड्या मी स्वतःच्या डोळ्यांनी व्हॅनला ओव्हरटेक करताना बघितल्या आहेत. पंचवीसच्या स्पीडने कोणी ओव्हरटेक करत नाही.

आणि मग त्याच कायद्यातलं कलम १९९ अ. २०१९ च्या दुरुस्तीत आलं, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पालक "किंवा मालक", म्हणजे प्रेमाने चावी देणारा काका, मामा, आत्या सगळे आले यात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, लर्निंग पण नाही. मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येतं का, तर येतं, पण ते आपल्याला सिद्ध करावं लागतं, कोर्ट आधी हेच धरून चालतं की गाडी आपल्या संमतीनेच दिली. जो मुलगा जून ते ऑगस्ट रोज सकाळी तीच गाडी घेऊन जातो त्याचे आईवडील काय सिद्ध करणार?

इन्शुरन्सचं तर कोणी बोलतच नाही. लायसन्स नसलेला चालवत असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे विसरा. समोरच्याला लागलं तर बऱ्याच केसेसमध्ये कंपनी त्याला भरपाई देते आणि मग ती सगळी रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करते. आमच्या गल्लीत रोज सकाळी दोन आजोबा काठी घेऊन फिरायला निघतात. मी त्या दोघांकडे आता वेगळ्या नजरेने बघते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्श चालवत दोन तरुण जीव घेतले तेव्हा आमच्या ग्रुपवर चार दिवस सगळे संतापले होते, मी पण. बड्या बापाची पोरं वगैरे सगळं लिहिलं. त्याच जूनमध्ये, म्हणजे महिनाही झाला नव्हता, त्याच ग्रुपमधल्या निम्म्या घरांनी अकरावीला गेलेल्या पोरांना चाव्या दिल्या. ती गाडी वेगळी, आपली गाडी वेगळी, पण मुलाचं वय तेच आणि कायदाही तोच.

आता माझं सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. त्या अपघाताच्या दिवशी संध्याकाळी चारला माझी मुलगी तयार होऊन हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "आई, चावी." ती अकरावीत आहे, दुसऱ्या शाळेत. तेव्हा वय सोळा वर्षं आठ महिने. जूनपासून ती माझी गाडी घेऊन शंकरनगरला ट्यूशनला जात होती. मीच देत होते. सकाळी ज्या ओढणीने त्या मुलाचं रक्त थांबवलं ती अजून बादलीत भिजत होती आणि संध्याकाळी माझ्या स्वतःच्या हातात माझ्या पोरीसाठी चावी होती.

का देत होते तर सोयीसाठी. शाळा दीडला सुटते, ट्यूशन साडेचार ते साडेसात, माझं ऑफिस बर्डीवर, सुटायला साडेसहा, नवरा साईटवर असतो त्याची वेळ नक्की नाही. ऑटोवाले काका दहावीपर्यंत होते, अकरावीला ऑटोत बसायला पोरांना लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर तिच्या सगळ्या मैत्रिणी गाडीने जात होत्या. मी तिला हेल्मेट घेऊन दिलं, हळू जा म्हटलं, पोचल्यावर मेसेज कर म्हटलं, आणि मला वाटलं मी काळजी घेतली.

त्या दिवशी मी चावी दिली नाही. ती रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. तिचा एक मुद्दा मला आजही मान्य आहे, ती म्हणाली, "जूनमध्ये तूच म्हणाली होतीस जा, मी काय नवीन केलं?" काहीच नवीन केलं नव्हतं तिने. मी तिला सॉरी म्हटलं. चावी दिली नाही पण सॉरी म्हटलं.

मग प्रश्न उरला की जायचं कसं, आणि जे लोक नुसतं "मुलांना गाडी देऊ नका" म्हणून मोकळे होतात ते इथेच थांबतात. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. ऑटो रोजचा परवडत नाही. "आपली बस" म्हणजे शहरातली सिटी बस आमच्या बाजूला वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. शेवटी मेट्रो. आमच्या घरापासून सुभाषनगर स्टेशन सायकलने दहा मिनिटं, तिथून ॲक्वा लाईनने शंकरनगर, उतरून चालत पाच मिनिटं. मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं हे मला माहीतच नव्हतं, तिनेच शोधून काढलं. गाडीने वीस मिनिटं लागायची, आता पस्तीस-चाळीस लागतात. ती म्हणते अंबाझरीच्या बाजूने मेट्रो जाते तेव्हा तलाव दिसतो ते छान वाटतं, आणि मेट्रोत बसून फॉर्म्युले बघून होतात. साडेसातला परत येताना स्टेशनवरून घरापर्यंतचा रस्ता अंधाराचा आहे म्हणून दोघांपैकी जो मोकळा असेल तो स्टेशनवर घ्यायला जातो. दगदग होते. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारी चारला सायकल चालवायची वेळ येईल तेव्हा काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, तेव्हा बहुतेक ऑटोच.

सगळ्यांना मेट्रो जवळ नाही हे मला कळतं. बेसा, हुडकेश्वर, कळमना तिकडच्या पोरांनी काय करायचं? म्हणूनच मला वाटतं हे एकट्या आईबापांचं काम नाही आणि शाळेने "आवाराबाहेर आमची जबाबदारी नाही" म्हणून सुटायचं नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही गल्लीतले पाच-सहा जण आणि त्या शाळेतले काही पालक मिळून प्रिन्सिपल मॅडमना भेटायला गेलो. जखमी झालेल्या मुलाचे वडील पण आले होते, स्वतःहून. मॅडमनी पहिल्यांदा डायरी उघडून नियम दाखवला. मग एका पालकांनी उलटी मागणी केली की आवारातच पार्किंग द्या, एवढं मोठं ग्राउंड आहे, मुलं गल्लीत लावून चोरून येतात त्यापेक्षा बरं. ऐकायला बरोबर वाटतं. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत हायस्कूलला आहे, त्याच्या शाळेत असंच आहे, लायसन्स आणि इन्शुरन्स दाखवायचं, फॉर्म भरायचा, मग गाडीला लावायला परमिट मिळतं, नीट वागला नाही तर परमिट जातं. पण तिथे बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी कायदाच लायसन्स देतो. इथे सोळा-सतराच्या मुलाला शाळेने पार्किंग दिलं तर शाळेने मान्यच केलं की तो चालवत आला, चालेल. त्यामुळे मॅडम त्याला नाही म्हणाल्या ते मला पटलं.

पण बारावीत अर्ध्या वर्षानंतर बरीच मुलं अठराची होतात, त्यांचं काय? ज्याने नियमाने अठरा पूर्ण होईपर्यंत वाट बघितली, टेस्ट देऊन लायसन्स काढलं, त्याला पण शाळा तेच सांगते, गाडी आणू नको, आणि तो पण जॅकेट घालून आमच्याच गल्लीत लावतो, लायसन्स नसलेल्याच्या बाजूला. मग लायसन्स काढून मिळालं काय त्याला? मी मॅडमना हेच विचारलं की ज्याच्याकडे पक्कं लायसन्स आहे, हेल्मेट आहे, गाडीचा इन्शुरन्स चालू आहे, त्याची झेरॉक्स घ्या आणि त्याला आत जागा द्या, म्हणजे बाकीच्यांना दिसेल की वाट बघितली तर काहीतरी मिळतं. लर्निंगवाल्यांना मात्र नाही, कारण लर्निंगवर मागे मित्र बसवून यायचं नसतं, मागे बसणारा स्वतः लायसन्सवाला, शिकवणारा असला पाहिजे, आणि पुढेमागे लाल "एल" पाहिजे, हे पण कोणाला माहीत नसतं. लर्निंग म्हणजे जवळजवळ लायसन्सच असं धरून चालतात सगळे.

एक सर म्हणाले की मुलं स्कूलबसने का येत नाहीत, बस तर आहे. त्यावर मुलांच्या आयाच बोलल्या. बसची फी वर्षाची आणि दोन्ही वेळची घेतात, अकरावी-बारावीच्या पोरांना सकाळी यायला बस हवी असते पण दुपारी ते घरी जातच नाहीत, तिथूनच लायब्ररी नाहीतर ट्यूशन. दोन्ही वेळचे पैसे भरून एकाच वेळी बसायचं, मग कोण भरणार? एवढी साधी गोष्ट शाळेला कोणी सांगितलीच नव्हती. आणि सायकलचं. शाळेत सायकल स्टँड आहे पण त्यावर पत्रा नाही, दुपारी दीडला सीटवर बसवत नाही एवढी तापते, पाच-सहा वर्षांपूर्वी वादळात पत्रा उडाला तो परत बसवलाच नाही.

राज्यात २०११ पासून स्कूलबसचे नियम आहेत, त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, प्रिन्सिपल अध्यक्ष, त्यात पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे अधिकारी. या शाळेत पण होती, फाईलमध्ये. तिथे फक्त बस आणि व्हॅनचं बोलणं व्हायचं. जखमी मुलाचे वडील तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बसमधल्या लेकरांचा तुम्ही विचार करता, आमच्यावालं पण लेकरूच आहे जी." मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी डायरीतली ती दुसरी ओळ पेनाने खोडली, आमच्यासमोर. पुढच्या वर्षी छापणार नाही म्हणाल्या.

त्यानंतर सगळं छान झालं असं नाही. वाहतूक पोलीस दोन दिवस कोपऱ्यावर उभे राहिले, तर पोरांनी ग्रुपवर एकमेकांना सांगून पुढच्या गल्लीत गाड्या लावल्या. शाळेने मुलांना शिक्षा करण्याऐवजी पालकांना फोन करायचं ठरवलं, त्यात दोन बाबा येऊन भांडून गेले की आमच्या पोराचं आम्ही बघू. दोनशे रुपये घेणाऱ्या काकूंकडे मी स्वतः गेले, त्यांना कलम वगैरे नाही सांगितलं, त्या दिवशीचं सांगितलं. त्या ऐकून गप्प बसल्या, आणि पुढच्या महिन्यापासून फक्त सायकली ठेवू लागल्या, महिन्याचे पन्नास. पैसे कमी झाले त्यांचे. शाळेच्या दोन व्हॅनवाल्या दादांनी सकाळच्या एकाच फेरीचे पैसे घ्यायचं कबूल केलं, त्यात आता चौदा मुलं येतात. सायकल स्टँडवर पत्रा दिवाळीच्या सुट्टीत बसला, हिरवा. पक्कं लायसन्स असलेल्यांसाठी आत आठ गाड्यांची जागा आखली आहे, आतापर्यंत तीन भरल्या.

तो मुलगा आता व्हॅनने येतो. प्लास्टर निघालं, हनुवटीवर व्रण आहे. परवा मला बघून हात केला आणि म्हणाला, "काकू, मार्चमध्ये अठरा होऊन राहिले मला." मी म्हटलं, बोर्ड झाला की मग काढ लायसन्स, घाई काय आहे. तर म्हणतो आरटीओत टेस्टला आठचा आकडा काढायला लावतात तो आधी सायकलवर प्रॅक्टिस केला तर चालेल का. मी म्हटलं, चालेल.

माझी मुलगी लहान असताना धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये रविवारी न्यायचो आम्ही, तिथे छोटे सिग्नल, छोटे रस्ते, ती लाल लाईटला पाय टेकवून थांबायची आणि मागच्या मुलांना पण थांबवायची. सहा वर्षांची होती. ते मला या सगळ्या महिन्यांत खूप वेळा आठवलं. तिला कपाटातल्या चावीची जागा माहीत आहे, मी लपवलेली नाही.

आज सकाळी परत गच्चीवर गेले होते. अकरा गाड्या. त्यातल्या दोन गाड्या व्हॅनवाल्यांच्या ओळखीच्या पाहुण्यांच्या असाव्यात, त्यांच्यावर माणसं मोठी होती. उरल्या नऊ. त्यातल्या एकीचा नंबर माझ्या ओळखीचा निघाला, माझ्याच ऑफिसमधल्या ताईंची गाडी आहे ती, मी स्वतः तिच्यावर मागे बसून कितीदा बर्डीवर गेले आहे. त्यांचा मुलगा यंदा अकरावीला लागला. उद्या डबा खाताना त्यांच्याशी बोलायचं आहे, कसं बोलायचं ते रात्रभर ठरवत बसणार आहे.